कात्रीची पंचविसावी चिप

त्याला सगळे चिकटराव म्हणायचे. स्वभावावरून नव्हे, धंद्यावरून. औषधाच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवण्यात त्याची एकतीस वर्षं गेली. पुढे कारखान्यात यंत्र आलं, तरी आडव्यातिडव्या घाटाच्या बाटल्या त्याच्याच टेबलावर यायच्या. कुणाच्या घरी पाणी प्यायला बसला तरी हा गडी आधी बाटली फिरवून लेबलाची कडा जुळलीय का ते बघणार, मग घोट घेणार. बायको गेली, नोकरी संपली, मुलगी लग्न होऊन लांब गेली, पण ही खोड काही गेली नाही. जित्याची खोड, ती कशी जायची?

त्याच्याकडे उरला होता तो रविवार. दुपारी चारला तिघं यायचे: गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेला शिंपी, त्याच्या समोरचा घड्याळजी आणि दवाखान्यातला कंपाउंडर. पत्त्यांतला पोकर खेळायचे. पैशाचा संबंध नाही, हरेल त्याने कपबश्या विसळायच्या. डावाला शिंपी आपल्या दुकानातली बटणं आणायचा, कोटाचं बटण मोठं, शर्टाचं लहान. वीस वर्षं बटणांवर निभावलं, कुणाचं काही अडलं नाही.

मग एकदा भाच्याने मामाला पोकरच्या कोऱ्या चिप्सचा, म्हणजे डावाला लावायच्या चकत्यांचा, डबा आणून दिला. मातीच्या, हाताला जड, एकीवर एक ठेवली की ठक्क वाजणाऱ्या. शंभर, आणि वर दोन जादा. प्रत्येकीच्या मध्ये गोल खळगा, त्यात आपल्याला हवं ते लेबल लावायचं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, तसं झालं. चिकटरावाने ओळखीच्या छापखान्यातून चार चित्रं छापून आणली. शिंप्याची कात्री, घड्याळजीचे काटे, कंपाउंडरची बाटली, आणि स्वतःसाठी लेबलांची गुंडाळी. प्रत्येकाच्या पंचवीस. आठवडाभर तो चष्मा नाकावर घेऊन कापत आणि चिकटवत बसला. जेवायची शुद्ध नव्हती.

मधेच एका दिवशी शिंपी डोकावला. एक चिप उचलून त्याने अंगठा फिरवला आणि म्हणाला, "सूतभर आत काप रे. लेबलाची कड वर येतेय. उचकटेल."

"आखूड लेबल म्हणजे माल परत," चिकटराव म्हणाला. "एकतीस वर्षं हेच केलंय मी. तू आपली काजं कर."

शिंपी हसला आणि गेला. बाटलीला ते खरंच होतं, लेबल पुरून उरायलाच हवं. चिपच्या खळग्याला नव्हतं. पण माणूस एकदा आपल्या हातावर खूश झाला की त्याला कोण सांगणार.

पहिल्या रविवारी सगळे हरखले. घड्याळजीने तर आपली चळत फोडायलाच नकार दिला. शिंप्याने सवयीने बटणांची पुडी आणली होती, ती त्याने काही न बोलता परत खिशात टाकली. चिकटरावाच्या ते लक्षातही आलं नाही.

चौथ्या रविवारी खेळ संपल्यावर त्याने चिप्स डब्यात भरल्या, तर नव्याण्णव. परत मोजल्या, नव्याण्णवच. कात्रीची एक कमी. सतरंजी झटकली, उशा उलट्या केल्या, कंपाउंडर तर पलंगाखाली शिरला. आता एवढ्याशा चिपचं ते काय, पण ह्याच्या जिवाची नुसती तगमग. तोंडाला आलं ते तो बोलून गेला. "कात्रीचीच गेली म्हणजे... कात्री कुणाला लागणार?"

अर्धं थट्टेत होतं. अर्धं नव्हतं, आणि ते चौघांनाही कळलं.

शिंपी उठला. त्याने दोन्ही खिसे बाहेर काढले. खडूचा तुकडा, बोटात घालायचं अंगुस्तान, बटणांची पुडी. सगळं टेबलावर मांडलं, परत भरलं, चपला घातल्या आणि तो गेला. चिकटरावाने 'अरे बस रे वेड्या' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.  

पुढच्या रविवारी दोघं आले, पण तिघांत डाव रंगेना, चहा व्हायच्या आधीच ते उठले. मग कंपाउंडरची पाळी बदलली, घड्याळजीचे डोळे दुखायला लागले. निमित्तांना काय तोटा. महिन्याभरात चारच्या ठोक्याला दार वाजायचं बंद झालं.

चहाचा मोठा ट्रे त्याने फळीवर वर टाकून दिला. एका कपाला ट्रे कशाला? कप हातात धरून तो टेबलाशी बसायचा, चार जणांची पानं वाटायचा आणि चौघांचा डाव एकटाच खेळायचा. जिंकला तरी तोच, हरला तरी तोच, कप त्यालाच विसळायचा. पाव आणायला तो मागच्या रस्त्याने लांबून जायचा, म्हणजे शिंप्याचं दुकान लागत नसे. फार एकटा पडला होता तो, पण हे सांगणार कुणाला? सांगण्यासारखी होती ती तीनच माणसं.

असे आठ महिने गेले. मग मुलगी आणि जावई दोन दिवसांसाठी आले. तीन कप झाले म्हणून फळीवरचा ट्रे खाली आला. मुलगी तो धुवायला गेली आणि आतूनच म्हणाली, "बाबा, ट्रेच्या बुडाला हे काय चिकटलंय?"

त्याने सुरी घालून ते सुटं केलं. मातीची चिप. उलटी केली, तर कात्री. गरम किटलीचा ट्रे त्या दिवशी चिपवर ठेवला गेला होता. वर आलेल्या कडेचा डिंक पाघळला आणि चिप ट्रेला धरून बसली. लेबलाची कड सूतभर बाहेर होती. त्यानंतर एक जरी माणूस चहाला थांबला असता तरी ती तेव्हाच सापडली असती.

"काय आहे ते?" मुलीने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "माझंच काम आहे." आणि तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला.

मुलगी गेल्यावर तो पुढच्या रस्त्याने निघाला. शिंपी मशीनवर होता. चिकटरावाने चिप त्याच्यासमोर कापडावर ठेवली. मशीन थांबलं.

"कुठे होती?"

"ट्रेच्या बुडाला. डिंक सुटला होता."

शिंप्याने कडेवरून अंगठा फिरवला. "सूतभर," तो म्हणाला.

"चूक माझी आहे. दोघांच्या देखत बोललो, दोघांच्या देखत माफी मागतो. रविवारी ये."

शिंप्याने चिप परत कापडावर ठेवली. "त्या दिवशी घरी जाऊन मी परत खिसे बघितले," तो म्हणाला. "शर्टाचे, पँटचे, पिशवीसुद्धा. म्हटलं, चुकून खरंच आली की काय आपल्याकडे. माझाच मला संशय यायला लागला, रे. वीस वर्षांनी तू मला हे दिलंस."



शिंप्याने चिप उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "माझ्याकडे आहे म्हणत होतास ना? आता आहे. जा." मशीन परत सुरू झालं.

घरी येऊन त्याने डबा उघडला. जादाच्या दोन कोऱ्या चिप्स होत्या, कात्रीची लेबलंही उरली होती. शंभरावी चिप दहा मिनिटांचं काम. त्याने ती केली नाही. त्याऐवजी नव्याण्णव लेबलं एकेक करून सोडवली, सूतभर आत कापली आणि परत लावली. त्याला अकरा दिवस लागले.

आता दर रविवारी चारला तो टेबलावर चार चळती मांडतो. तीन पंचविसांच्या, कात्रीची चोवीसची. दाराची कडी काढून ठेवतो, ट्रेमध्ये चार कप ठेवतो. साडेपाचला एका कपात चहा ओतून पितो आणि चारही कप विसळून ठेवतो.