प्रशीलची कयाक आणि माझं ‘चालतंय की’

लाटबिट काही आली नव्हती. वर्षभर मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगितलं.

आज प्रशीलला जाऊन एक वर्ष झालं. तळ्यात कयाक उलटली, एवढंच तुम्हाला माहीत आहे. ती कशी उलटली, ते आज लिहितोय.

शिव्या घालायच्या असतील तर कमेंटमध्ये घाला. एकही डिलीट करणार नाही.

प्रशील नागपूरचा, मी कोल्हापूरचा. अमेरिकेत, ईडन प्रेरीत एकाच सॉफ्टवेअर टीममध्ये होतो. मी डेव्हलपर, तो टेस्टर. म्हणजे माझ्या चुका काढणं हीच त्याची नोकरी.

दोघांनाही मासे पकडायचं वेड. मिनेसोटात थंडीत तळी गोठली की आम्ही माझ्या गॅरेजमध्ये हीटर लावून त्याच्या कयाकवर, वल्ह्याच्या त्या छोट्या प्लास्टिकच्या होडीवर, काम करायचो. दर शनिवारी.

त्या हिवाळ्यात सीट बदलली, रॉड होल्डर बसवले. आणि फिश फाइंडर. पाण्याखाली मासे कुठे आहेत ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. प्रशील पोरासारखा खूश झाला होता.

त्या यंत्राच्या सेन्सरसाठी कयाकच्या तळाला तीन भोकं पाडावी लागली. मीच पाडली. आणि बुजवायला घरात पडलेलं, बाथटबच्या फटींना लावायचं सिलिकॉन घेतलं.

“हे या प्लास्टिकले चिकटते का बे?” प्रशीलने विचारलं.

“चालतंय की!”

माझं हे वाक्य तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. बिर्याणीत मीठ जास्त झालं, चालतंय की. गाडीत इंजिनचा लाइट लागला, चालतंय की. सगळे हसायचे.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की या प्लास्टिकवर वापरू नका. मी ते तो गेल्यावर वाचलं.

पुढच्या शनिवारी मी चहा घेऊन गॅरेजमध्ये आलो, तर हा स्क्रूड्रायव्हरने माझं सिलिकॉन खरवडत बसलेला.

“नखानं निघून ऱ्हायलं बे हे. एप्रिलमध्ये आधी आत पाणी भरून टेस्ट करू. मंगच तळ्यात टाकू.”

माझं डोकंच सटकलं. आठवडाभर ऑफिसात माझे बग काढतो, आता माझ्या घरात येऊनसुद्धा?

ड्रिल उचललं आणि भिंतीवर हाणलं.

त्याने माझी कॉलर धरली. मी ढकललं. तो कयाकवर जाऊन आपटला, उठला आणि सरळ माझ्या नाकावर ठोसा. चाळिशीतले दोन बाप्ये, अंगात थर्मल, गॅरेजच्या फरशीवर एकमेकांना तुडवत होतो. माझ्या नाकातलं रक्त त्याच्या जॅकेटवर.

शेवटी दमून दोघंही भिंतीला टेकलो. त्यानेच बाहेरून मूठभर बर्फ आणून माझ्या नाकावर दाबला.

“सॉरी भावा,” म्हणाला. माझ्या कोल्हापुरी स्टाइलमध्ये.

मग मी त्याच ट्यूबने परत तीच भोकं बुजवली. टेस्टचा विषय त्याने पुन्हा कधीच काढला नाही. मला वाईट वाटेल म्हणून.

मला वाटलं, जिंकलो. थू असल्या जिंकण्यावर.

एप्रिलमध्ये बर्फ गेल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही तळ्यावर. दोघं दोन कयाकमध्ये. वारा नाही, पाणी एकदम शांत.

अर्ध्या तासाने तो म्हणाला, “रणजित, डावीकडं कलून ऱ्हायली बे.”

मी हसलो. “तूच जाड झालायस लका!”

कयाक आतून पोकळ असते. तिच्या पोटात पाणी भरत होतं, आणि मी जोक मारत होतो. दोन मिनिटांत ती कुशीवर झाली आणि प्रशील पाण्यात.

लाइफ जॅकेट होतं अंगात. पण बर्फ नुकताच वितळलेलं ते गार पाणी माणसाचा श्वासच तोडतं. त्याला ओरडतासुद्धा येईना.

मी त्याला केसाला धरून ओढलं. तोंडावर चापट्या मारल्या. जागं राहावं म्हणून आईवरून शिव्या घातल्या. माझीही कयाक उलटायला आली. माझ्या कयाकच्या काठाला धरलेली त्याची बोटं एकेक करून सुटली, मी बघितली सुटताना.

रेस्क्यूवाल्यांनी बाहेर काढलं. हॉस्पिटलमध्ये तासाभरात गेला.

त्याच्या बायकोने, सुजाता वहिनींनी, मला एकच विचारलं, “कशी उलटली?”

“लाट आली.”

आज सकाळी ती कयाक गाडीवर टाकून त्यांच्याकडे गेलो. ड्राइव्हवेत उतरवली. तीन भोकं दाखवली आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी माझ्या कानाखाली ओढली. मग दुसरी. मग आत जाऊन बर्फ फोडायची पहार घेऊन आल्या आणि कयाकवर घालायला लागल्या.

प्लास्टिक फुटेना. पहार उसळून परत यायची, त्या परत घालायच्या. समोरचे म्हातारे शेजारी धावत बाहेर आले. “एव्हरीथिंग ओके?”

“नो!” वहिनी किंचाळल्या आणि आणखी एक घाव घातला.

हाताची सालं निघाली तेव्हा थांबल्या. तिथेच ड्राइव्हवेत खाली बसल्या.

“रणजितभाऊ, त्या सकाळी मी प्रशीलशी भांडले होते. दर शनिवारी काय मासे मासे, म्हणून. तो काही न बोलता निघून गेला. एवढा सांभाळून राहणारा माणूस लाटेनं उलटतो कसा? माझंच बोलणं त्याच्या डोक्यात असेल, म्हणून लक्ष नसेल, असं समजून मी वर्ष काढलं. आणि तुम्ही दर रविवारी येऊन माझ्या हातचं जेवत होता?”

मी हात जोडले.

“माफी नका मागू. लिहा. मराठीत लिहा. नागपूरला सासूबाईंना वाचता आलं पाहिजे. भांडण झालेलं मीच त्यांना सांगितलं होतं. त्याही मलाच दोष देत बसल्यात.”

म्हणून लिहितोय.

मावशी, प्रशीलच्या आई, हे तुमच्यासाठी. भोकं मी पाडली. बुजवली मी. खोटं मी बोललो. तुमच्या सुनेचा यात काडीचाही दोष नाही. आज तिला एक फोन करा.

प्रशील, मित्रा, तुला अखेरचा जय भीम.