विमानाला घातलेली झेंडूची माळ

मनमाड स्टेशनवर आम्ही दुपारपासून बसून होतो. एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने फडक्यात बांधून दिलेल्या दशम्या, एवढाच माझा संसार. मामा रेल्वेत नोकरीला, त्यामुळे आमच्या घरातला कुठलाही लांबचा प्रवास मनमाडहून आणि मामांच्या देखरेखीखालीच सुरू व्हायचा. मळ्यात दसऱ्याच्या झेंडूची लावण चालली होती, म्हणून कॉलेजपर्यंत सोबतही मामाच येणार होते. आप्पा, म्हणजे माझे वडील, फक्त गाडीत बसवून द्यायला आले होते. प्लॅटफॉर्मवर ओळखीचा माणूस दिसला की मामा त्याला थांबवून सांगायचे, "ही आमची भाची. विमान चालवायला शिकायला चाललीय." तो माणूस माझ्या ट्रंकेकडे बघायचा, मग रुळांकडे बघायचा आणि म्हणायचा, "मग गाडीनं कशाला चाललीय?"

आप्पा हसले नाहीत. गाडी हलली तेव्हा खिडकीबरोबर चालत त्यांनी एवढंच सांगितलं, "नाय जमलं तर सरळ घरी ये. कोणी काय बोलणार नाय." मला तेव्हा रागच आला. निघताना कोणी असं बोलतं का? आता मात्र वाटतं, परतीची वाट अशी मोकळी ठेवून दिली म्हणूनच मी पुढे इतकी वर्षं टिकले.

मखमलाबादला मळ्यात राहिलेल्या काकू-मावश्यांनो, आणि माझ्यासारखे पुण्याला, दुबईला नाहीतर अमेरिकेत पांगलेले भाऊबंद हो, तुम्ही भेटलात की फिरून फिरून तेच विचारता. फुलं तोडणाऱ्यांची पोरगी विमानात गेली कशी? लग्नकार्यात घाईघाईत सांगता येत नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या मळ्यावरून ओझरच्या बाजूने विमानं जायची. आवाज आला की फुलं तोडणाऱ्या सगळ्या बायका वर बघायच्या आणि विमान गेलं की खाली वाकायच्या. मी वर बघतच राहायचे. आई ओरडायची, "खाली बघ की जरा, कळ्या तुडवतीस." मी दहावी झाले, बारावीला फिजिक्स आणि गणित घेतलं, चांगले मार्क पडले, तरी माझी नजर काही खाली आली नाही. शेवटी एक दिवस धीर करून मी घरात विषय काढला. आप्पांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि विचारलं, "ते शिकवतात कुठं?"

नाशकातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये टाय लावलेला एक एजंट आला होता. अमेरिकेत वर्षभरात पायलट करून देतो म्हणाला. गुळगुळीत कागदावर निळं आकाश आणि हसणारी मुलं छापली होती. आप्पा ते कागद घरी घेऊन आले, आईला दाखवले आणि रात्रभर विचार करून सकाळी म्हणाले, "विहिरीजवळचा तुकडा काढू." काढू म्हणजे विकू. तो तुकडा आपल्या मळ्याचा जीव होता. पाणी तिथलं, सगळ्यात चांगला झेंडू तिथला, माझं अर्धं बालपण तिथलं.

दुसरा रस्ता मला आमच्या फिजिक्सच्या बाईंनी दाखवला. मध्य प्रदेशात एका लहान शहरात सरकारी मदतीवर चालणारा फ्लाइंग क्लब होता, आणि त्याला जोडून बी.एस्सी.चं कॉलेज. विमानं फक्त दोन, तीही जुनी. नंबर लागेल तेव्हा उडायचं, एरवी वर्गात बसायचं. लायसन्सला लागणारे तास भरायला चार-पाच वर्षं जाणार हे त्यांनी आधीच सांगितलं. पण फी अशी, की मळ्याला हात न लावता भरता आली असती. शिवाय लायसन्सचं जमलंच नाही तरी हातात पदवी राहणार होती.

मी तेच धरून बसले. आप्पांना पटेना. त्यांचं सगळं गणित फुलबाजारातलं. बाजार उठताना स्वस्त मिळतं ते सुकलेलं असतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. "कमी पैशाचं म्हणजे कच्चं शिकवतील. वर जाऊन काय झालं म्हणजे?" ते पुन्हापुन्हा म्हणायचे. त्यांना पैशाची नाही, माझ्या जिवाची काळजी होती, हे मला कळत होतं. शेवटी मी म्हटलं, "आप्पा, तुकडा गेल्यावर मी वरनं बघायचं काय?" ते उठून विहिरीकडे निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मामांना फोन करून आरक्षण काढायला सांगितलं.

कॉलेज बाईंनी सांगितलं होतं तसंच निघालं. हॉस्टेलला पाणी सकाळी तासभर, डाळ रोज तीच, आणि धावपट्टीवर गाई यायच्या. आम्ही मुली दोघीच. आळीपाळीने गाई हाकलायला जायचो. एजंटबरोबर गेलेली नाशकातली मुलं लायसन्स घेऊन परतसुद्धा आली, तेव्हा मी अजून इन्स्ट्रक्टरच्या शेजारी बसून उतरायला शिकत होते. वाईट वाटायचं. खोटं कशाला बोलू, रडूही यायचं. पण आमचे मुख्य इन्स्ट्रक्टर सर पूर्वी हवाई दलात होते, आणि त्यांच्या हाताखाली कच्चं काही राहायचं नाही. एकच गोष्ट ते इतक्या वेळा करायला लावत की ती झोपेतही चुकू नये.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला क्लबमध्ये विमानांची पूजा असल्याचं मी पत्रात सहज लिहिलं. दसऱ्याच्या सकाळी बघते तर आप्पा हँगरच्या दारात उभे. खांद्यावर झेंडूची मोठी पाटी, वर ओलं फडकं. दसऱ्याला बाजार सोडून निघालेला माळी मी दुसरा पाहिला नाही. वर्षाची कमाई त्या दोन दिवसांची असते. "तुझ्या धाकट्या भावाला बसवलंय बाजारात," ते म्हणाले, "तुझ्या विमानाला बाहेरची फुलं घालायची का मग?"

आपल्याकडे दसऱ्याला पूजा कशी करतात ते तुम्हाला सांगायला नको. मळ्यातली एकही वस्तू उपाशी ठेवायची नाही. कोयत्याला फूल, मोटारीच्या तोंडाला फूल, फवारणीच्या पंपाच्या नळीत फूल, पाटीच्या कडेला फूल. आप्पांनी विमानाची पूजा तश्शीच केली. पंख्याला माळ घातली, चाकांना फुलं वाहिली, दाराच्या कडीत एक खोचलं. सगळा क्लब कौतुकाने बघत होता, सरही. डाव्या पंखाखाली बोटाएवढी एक नळी पुढे तोंड करून असते. तिचं उघडं तोंड आप्पांना दिसलं. "एवढं एकच राहिलं बघ," म्हणत त्यांनी देठासकट एक फूल तिच्यात घट्ट बसवलं. मी हसले. मला ते इतकं आपल्या घरचं वाटलं की मी काही बोललेच नाही.

ती नळी हवेचा दाब घेते आणि त्यावरून विमानाचा वेग समोरच्या काट्यावर दिसतो. संध्याकाळी सगळी फुलं मी स्वतः काढली. त्या नळीतलंही काढलं. पण फूल हातात आलं आणि देठ आत तुटून राहिला, ते माझ्या लक्षातच आलं नाही. वरून रोजची कापडी टोपी चढवली गेली. दुसऱ्या दिवशी पहिलं उड्डाण माझं होतं. टोपी काढली, नळी आहे एवढं बघितलं, तिच्या तोंडात डोकावले नाही. आप्पा कुंपणाशी उभे राहून पहिल्यांदाच मला उडताना बघणार होते, आणि माझं सगळं लक्ष तिकडे.

धावपट्टीवर वेग घेतला. शेजारी बसलेले सर शांतपणे म्हणाले, "स्पीड?" काटा शून्यावर होता. जमीन मागे पळत होती आणि काटा हलत नव्हता. सरांनी पॉवर काढली, ब्रेक लावले, आणि आम्ही पट्टीच्या टोकाच्या अलीकडे थांबलो. मेकॅनिकने चिमट्याने देठ बाहेर काढला आणि तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला. हिरवागार होता.

आप्पा कुंपण ओलांडून धावतच आले. त्यांना काय झालं ते एका नजरेत कळलं. सरांपुढे हात जोडून उभे राहिले. "साहेब, माझी चूक. पोरीला काढू नका." मी आप्पांना असं कोणापुढे उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते दृश्य मला आजही सहन होत नाही.

सरांनी आधी त्यांचे जोडलेले हात खाली घेतले. म्हणाले, "बाबा, फूल रखना आपका काम था, आपने किया। देखना इसका काम था।" मग त्यांना हाताला धरून विमानापाशी नेलं, नळी दाखवली, आत हवा कशी जाते आणि काटा कसा फिरतो ते समजावलं. आप्पा ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "म्हणजे आपल्या पंपाच्या नोझलसारखंच. कचरा अडकला की संपलं." सर हसले. मला मात्र दिवाळीपर्यंत उड्डाण बंद, आणि तोवर रोज पहाटे दोन्ही विमानं मेकॅनिकबरोबर इंच न् इंच तपासायची, अशी शिक्षा झाली. कॉलेजातून काढलं नाही. त्या वीसेक दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं वर्गात कधी शिकले नाही.

आप्पांना गाडीत बसवायला गेले तेव्हा स्टेशनवर त्यांनी पुन्हा तेच काढलं. "तुकडा काढू. अमेरिकेला जा. तिथं माझ्यासारखा अडाणी कोणी येणार नाय फुलं घेऊन." मी रागावले. म्हटलं, "आप्पा, तुमच्या फुलामुळे मी न बघता निघते हे जमिनीवरच कळलं. नाहीतर उद्या दुसरंच काही अडकलं असतं, तर ते मी बघितलं असतं का?" गाडी आली तेव्हा ते म्हणाले, "मग बघत जा."

त्यानंतरचा प्रत्येक फोन त्याच गोष्टीने सुरू झाला. मी एसटीडी बूथवर, ते शेजारच्या किराणा दुकानात. इतरांचे वडील जेवलीस का विचारायचे. आप्पा विचारायचे, "नळी बघितली का?" बी.एस्सी. झाली, मग लायसन्स झालं. मग नोकऱ्याच नव्हत्या, म्हणून मी त्याच क्लबमध्ये नव्या मुलांना शिकवत राहिले. पुढे नव्या विमान कंपन्या निघाल्या, पायलट कमी पडायला लागले आणि मला बोलावणं आलं. बंगळूरला फ्लॅट घेतला, रोस्टर, क्रू बस, लेओव्हर असे शब्द तोंडात बसले. मोबाइल आले. आप्पांचा प्रश्न तोच राहिला. माझ्या विमानाला आता अशा तीन नळ्या आहेत आणि त्या आतून तापवलेल्या असतात, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग तिन्ही बघ."

विहिरीजवळचा तुकडा अजून आहे. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, पण दसऱ्याचा झेंडू तिथेच लागतो. आता आई आणि धाकटा भाऊ बघतात. आप्पा दोन वर्षांपूर्वी गेले. मी तेव्हा गुवाहाटीला होते. पोचले तेव्हा अंगणात त्यांच्यासाठी आणलेल्या झेंडूचा ढीग पडला होता, आणि मला त्यातलं एकही फूल उचलवेना.

त्यानंतर फोन कमी झाले. आई जेवणाचं विचारते. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारताना मी त्या नळ्यांपाशी थांबते आणि स्वतःच मराठीत म्हणते, "नळी बघितली का?" कॅप्टनना वाटतं, मंत्र पुटपुटतेय. मी समजावत बसत नाही.

गेल्या दसऱ्याला सुट्टी मिळाली नाही. पहाटे रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात त्या फरशीवर, पाऊस भुरभुरत होता आणि घरची आठवण अशी दाटून आली की मी भराभर फेरी संपवून शिडीकडे वळले. आमचे ग्राउंड इंजिनिअर केरळचे, वयस्कर, मराठीचा गंध नाही. वर्षभर रोज ते माझ्या मागे उभे असायचे. त्यांनी मला हाक मारली, नळीकडे बोट दाखवलं आणि मोडक्यातोडक्या उच्चारात विचारलं, "मॅडम, नळी बघितली का?"

घर कुठे आहे, असं मला आता कोणी विचारलं तर मी मखमलाबाद म्हणते, आणि ते खरंच आहे. पण त्या पहाटे ते त्या रॅम्पवर होतं. मी परत फिरले, टॉर्च लावला, तिन्ही नळ्यांच्या तोंडात नीट डोकावले आणि मोठ्याने म्हटलं, "बघितली, आप्पा."