चौतीसचं माप

मी ब्लाउज शिवते. मल्लेश्वरममध्ये आमचं दुकान आहे, म्हणजे मोठं कपाट म्हणावं एवढी जागा. बेंगळुरूत शिंपीकाम करणारी आमची कितवी पिढी, हे मोजणं घरात कधीच सोडून दिलंय. आम्ही घरात मराठी बोलतो, गिऱ्हाइकांशी कन्नड, आणि मशीन अडलं की दोन्ही भाषांत शिव्या देतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझ्या हातून जो मूर्खपणा झाला तो फक्त शिंपिणीच्याच हातून होऊ शकतो.

आई चव्वेचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली. मी पंधरा वर्षांची होते. पुढे माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, तेच निघालं. तिचा एक स्तन काढला, औषधं झाली, ती बरी झाली आणि पहिल्यापेक्षा जास्त भांडायला लागली. तिच्या डॉक्टरांनी माझंही रक्त तपासायला लावलं, तर आईकडून आलेलं सदोष जनुक माझ्यातही होतं. आजार नव्हता, पण होण्याची शक्यता फार मोठी होती. मी तेव्हा बेचाळीस वर्षांची. दोन्ही स्तन आधीच काढून टाकायचे, हे मी आठवड्याभरात ठरवलं. मला आईपेक्षा म्हातारं व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

अडलं ते पुढेच. काढल्यावर तिथे काय करायचं? प्लास्टिक सर्जन बाई शांत होत्या, कन्नडमध्ये सावकाश समजावायच्या. काहीच न करता छाती सपाट ठेवता येते. सिलिकॉनचे इम्प्लांट बसवता येतात, पण ते पुढे कधीतरी बदलावे लागू शकतात. किंवा स्वतःच्याच पोटाखालची कातडी आणि चरबी घेऊन, तिच्या बारीक रक्तवाहिन्या वर छातीत जोडून, नवे स्तन घडवता येतात. हे ऑपरेशन लांबलचक, पोटावर आडवा व्रण राहणार, उठायला वेळ लागणार. पण जे बनेल ते आपलंच, आणि ऊबदार.

मी नवऱ्याला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "तुला हवं ते." आमच्या घरी भाजी कुठली करू या प्रश्नालाही लग्नापासून हेच उत्तर आहे. मी इतकी भडकले की दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तो पडेल आवाजात म्हणाला, "तू असलीस म्हणजे झालं गं. बाकी मला खरंच काही सुचत नाही." मग मी बोलायला लागले.

मला पोटाचा मार्ग पटला. एकाच कापडातून काढून दुसरीकडे लावणं हा आमचा रोजचाच धंदा. पण तपासताना बाईंनी माझं पोट चिमटीत धरलं, इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाल्या, "या मापाला कमी पडेल हं." आणि तेवढ्यात त्यांना कुणी तरी बाहेर बोलावलं.

आता आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं माप हे देवाचं वाक्य. कापड कमी पडलं तर माप कमी करायचं नसतं, आणखी कापड मागवायचं असतं. मी घरी येऊन अक्काला सांगितलं, पोट कमी पडतंय. अक्काने पदर खोचला.

पुढचे पाच आठवडे मला जे खायला घातलं गेलं, ते बाळंतपणातही मिळालं नव्हतं. सकाळी लोण्याचा गोळा ठेवलेला डोसा, दुपारी तुपात बुडालेली होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, चार वाजता चिरोटी. मी नको म्हटलं की अक्का म्हणायची, "स्वल्प आणखी घे की, बेतायला पुरायला पाहिजे." आयुष्यभर जिला भात कमी खा म्हणून टोकलं, तिला डॉक्टरच्या हुकमाने खायचं होतं. आनंद झाला हे कबूल करते. हसून हसून आमची पोटं दुखायची, आणि आपण कशासाठी खातोय हे मधूनच आठवलं की दोघी ताट बाजूला सारायचो. मग अक्का पुन्हा वाढायची.

चार किलो वाढले. दंड वाढले, हनुवटीखाली भर पडली. आणि बाकी सगळं गेलं थेट छातीत! जिथून काढायचं नेमकं तिथेच. मी टेप लावली, चाळीसचं माप एकेचाळीस झालं होतं. पोट जिथल्या तिथे.

पुढच्या भेटीत बाईंनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि चष्मा काढला. "हे काय?"

अक्काने अभिमानाने सगळा बेत सांगितला. बाई आधी हसल्या, मग ओरडल्या. वजन स्थिर ठेवायचं असतं, पहिल्या आकड्यावर परत या, म्हणाल्या. मी चिडून म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना, कमी पडेल?"

"या मापाला, म्हणाले मी. हे माप कुणी ठरवलं? तुम्हाला एवढंच हवंय का?"

तेराव्या वर्षापासून हे ओझं माझ्या अंगावर होतं. शाळेत छातीशी वह्या धरून चालायचे. मशीनवर बसले की तासाभरात पाठ धरायची, दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांचे खोल वळ पडलेत. बायकांना मी रोज विचारते, गळा केवढा, बाही केवढी, सैल हवं की घट्ट. मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाही. इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. पर्समधली टेप काढून मी तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "चौतीस."

"चौतीस?" अक्का उडालीच. "एवढंसं?"

"एवढंसंच."

बाईंनी पुन्हा चिमटीत पोट धरलं. "सरी, मग ठीक," त्या म्हणाल्या, "भरपूर आहे."

दोन महिने मी रोज सकाळी तळ्याभोवती चालले आणि चारही किलो उतरवले. ऑपरेशनच्या आधी स्वतःसाठी पुढून उघडणारे तीन झगे शिवले, आत जखमेतलं पाणी काढणाऱ्या नळ्यांच्या बाटल्या अडकवायला चार-चार खिसे. नर्सेसना ते इतके आवडले की एकीने तिथेच नमुना कागदावर उतरवून घेतला.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळी संपलं. दुखलं, खोटं कशाला सांगू. कित्येक दिवस मी कमरेत वाकून चालत होते, वरच्या कातडीला अजून स्पर्श नीट कळत नाही. पण पहिल्यांदा पट्टी काढली आणि हात लावला, तेव्हा हाताला ऊब लागली. छोटे, थोडे वाकडे, टाक्यांचे, पण मी मागितलेल्या मापाचे. मी खूश झाले, अगदी निर्लज्जासारखी खूश.

घरी आल्यावर काढलेल्या भागाचा तपासणी अहवाल आला. त्यात कुठेही काहीही सापडलं नव्हतं. त्याच दिवशी नवऱ्याची आत्या मला बघायला आली. अहवालाचं ऐकून ती हळहळली, "म्हणजे आत काहीच नव्हतं की गं. उगाच कापलं म्हणायचं."

माझ्या तोंडावर उत्तर आलंच होतं, पण अक्का आधी उठली. तिने पेढ्यांचा पुडा उघडला. गल्लीत वाटायला तिनेच आणले होते. "हो आत्याबाई, उगाच कापलं," ती म्हणाली. ती हसत होती. "आईच्यात सापडलं, माझ्यात सापडलं. हिच्यात काहीच नाही सापडलं. उगाच कापलं त्याचेच पेढे आहेत हे. घ्या."

आत्याबाईंनी दोन घेतले.