मोताळ्याच्या बाजारातली आखाजी

मोताळ्याच्या आठवडी बाजारात उन्हाळ्याचा माल विकणारे सगळे खोटं बोलतात, असं माझं स्पष्ट मत आहे. टरबूजवाला टरबुजावर थाप मारून 'लालेलाल' म्हणतो. काकडीवाली 'कडू निघाली तं नाव बदलीन' म्हणते, आणि पुढच्या बाजाराला तिचं नाव तेच असतं. अपवाद एकच, अंबूबाई. ती गावरान आंबे विकते आणि आंबा गोड आहे का म्हणून विचारलं, तर सरळ सांगते, "मले काय मालूम? मी कुठं खाल्ला?"

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, तिच्यावर आंबा ठेवायचा आणि मगच आपण आंब्याला तोंड लावायचं, ही इकडची रीत. माझ्यासारख्यांनी ती सोयीनं सैल केली आहे. अंबूबाईनं नाही. नवरा शेषराव गेल्यापासून त्याच्याआधी तिनं आंबा ओठालाही लावलेला नाही. आखाजीच्या तोंडावर येणाऱ्या बायकाही तिच्याच पंथाच्या. म्हणजे विकणारी चाखत नाही, घेणारी चाखत नाही, आणि घासाघीस मात्र दोघी जीव तोडून करतात.

यावर तोडगा होता इंद्रभान, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. "माहे मायबाप मले न इचारता गेले, मी त्याईले काऊन इचारू?" म्हणत होळीपासून आंबे हाणणारा माणूस. अंबूबाई त्याला एक आंबा देई आणि त्याच्या तोंडाकडे बघत बसे. बायकाही बघत. भुवया वर गेल्या की पिशव्या उघडत, नाक मुरडलं की बंद होत. फुकट्याला इतका मान मिळालेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

यंदा बाजार नेमका आखाजीच्या आदल्या दिवशी आला आणि इंद्रभान आलाच नाही. त्याला शुगर निघाली होती आणि सून सारिकानं त्याच्या चपला लपवल्या होत्या. त्यात अंबूबाईनं पहिल्यांदाच दुसऱ्याच्या शेतातलं झाड ठेक्यानं घेतलेलं. वादळानं तिच्या झाडाचा मोहोर झडला होता. या नव्या आंब्याची चव देवालाच ठाऊक.

दुपार कलली तरी ढीग हलेना. आंबे पिकून पिवळे झाले होते आणि त्या उन्हात ते पुढच्या बाजारापर्यंत टिकणार नव्हते. मंजुश्री नावाची बाई तिसऱ्यांदा परत आली, आंबा हुंगून ठेवला आणि म्हणाली, "मावशी, तुमीच खाऊन सांगा ना एकडाव."

"मी नाई खात."

"मंग आमी काऊन घ्याव?"

अंबूबाईनं ढिगावरून नजर फिरवली. मला वाटलं, आता खाते ही. पोटापुढे रीत किती टिकणार? इतकं वाटलं आणि माझाच मला राग आला.

ती उठली. शेजारी रुखमाबाई कुंभारीण घागरी मांडून बसली होती. तिची एक नवी घागर अंबूबाईनं उचलली, आपल्या पाण्याच्या कॅनमधून भरली, ढिगातला चांगला आंबा निवडून वर ठेवला आणि डोक्यावरचा पदर नीट केला.

"अवं, आखाजी उद्या हाय!" रुखमाबाई ओरडली.

"त्याईले कोन क्यालेंडर धाडलं?" अंबूबाई म्हणाली. मग घागरीकडे बघून हळूच, "घ्या जी. आज लवकर हाय. कारन पुसू नका."

तिनं हात जोडले. मग तिनं ढिगातला दुसरा आंबा घेतला, बोटांनी दाबून माचला, देठ काढला आणि चोखला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक डोळा मिटला, मान खांद्यात गेली, कानापर्यंत शहारा आला.

"आमट हाय," ती म्हणाली. "लय आमट." आणि एकदम हसली, हसता हसता डोळे भरून आले. "पन त्याईले आमटच आवडे वं बाई!"

मग मंजुश्रीनं पिशवी पुढे केली. "माह्या बाबालेही आमटच लागे. रसात साखर टाकली का रागावे. द्या दोन किलो."

"माह्या जेठालेही," दुसरी म्हणाली.

"माह्या सासूले गोड लागे," तिसरी म्हणाली, "पन तिनं मले लय छळलं. दे मले आमटेच!"

बाजार हसला आणि ढिगाभोवती हात पडले. मेलेल्यांमध्ये आंबटशौकीन इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. मला स्वतःला गोड आंबे हवे होते, तरी मीही किलोभर घेतले.

दिवस बुडायच्या आत पोतं रिकामं झालं. घागरीवरचा आंबा तिनं वळणावरच्या गाईला दिला आणि घागर पैसे देऊन आपल्यासाठी ठेवून घेतली. रुखमाबाईला काळजी पडली, "आता उद्या घरी काय ठेवशीन घागरीवर?"

"काऊन? जेवले ना ते आज." अंबूबाईनं पोतं झटकलं. "जितेपनी माह्यासंगं बजारात बसाची लाज वाटे त्याईले. आज बसले."