शेगडा निवडणारे फौजी

घरी कारखाना थाटायचा म्हणून मी साताऱ्यात लोखंडी शेगडा, म्हणजे काम आवळून धरायचा व्हाइस, घ्यायला गेलो. सोबत शेजारचे, फौजेतून निवृत्त झालेले फिटर होते. मी एका शेगड्याच्या चकचकीत हिरव्या रंगावर भाळलो. त्यांनी खिशातलं एसटीचं तिकीट त्याच्या जबड्यात आवळलं आणि ओढलं. ते अलगद निघालं.

"आवं, रंग काय धरून ठिवतोय व्हय?"

सहाव्या शेगड्याने तिकीट सोडलं नाही, ते फाटलं.

"ह्यो घ्या. नातवाला पुरंल."

बायकोने फोडलेल्या सुपाऱ्या सोडल्या, तर त्यात अजून काहीच आवळलं गेलेलं नाही. खंडेनवमीला मी त्याला झेंडू वाहतो. फौजी येतात, आट्यांना तेल देतात, पेढा खातात. वर्षभरात मी काय बनवलं, हे मात्र कधीच विचारत नाहीत.