राजकन्येचा रथ

गॅदरिंगचं नाटक दहा मिनिटांत संपतं हो, तालमीतले किस्से मात्र वर्षभर पुरतात! अंजनगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत दरवर्षी नाटक मीच बसवते, त्यामुळे माझ्याकडे ढीग साचलाय.

यंदा विदर्भाच्या राजकन्येचं नाटक होतं. "राजकन्या कोण होणार?" सगळे हात वर! एकटी नववीतली कल्याणी गप्प. वडिलांच्या भाजीच्या गाड्यावर तीच हाळी देते, अख्ख्या बाजाराला ऐकू जाते. मी म्हटलं, "तू काहून नाही?"

"मॅडम, सिरियलमदी काळी राजकन्या पाहिली काय तुमी?"

मी तिलाच राजकन्या केलं.

तालीम सुरू झाली. कुणी काही बोललं की सगळ्या पोरी सिरियलमधल्यासारख्या तीन-तीनदा मान वळवून बघायच्या! मी ओरडले, तर राजपुत्र झालेली मृणाल म्हणते, "एकदाच पाहिलं तर धक्का बसला हे कोनाले समजन?"

आणि कल्याणी? एवढ्या खणखणीत गळ्याची पोर कुजबुजत होती. "राजकन्या हळूच बोलते ना जी!"

मग मैत्रिणींनी तालमीचं रील केलं. फिल्टर लावून कल्याणीला गोरीपान केलं. तिनं ते हौसेनं आईला दाखवलं. आई म्हणाली, "नाटक छान हाये, पन तू कुठं हायेस याच्यात?"

दुसऱ्या दिवशी कल्याणी तालमीला आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, पण रीलचं नाव काढेना. मला वाटलं, ही ऐनवेळी माघार घेणार!

नाटकाच्या दिवशी मेकअपवाल्यानं तिला पांढरंफटक करून ठेवलं. ती उठली, नळावर गेली आणि तोंड खसाखसा धुऊन आली. तो चिडला, तर म्हणाली, "दादा, वऱ्हाडच्या उन्हात कोनती राजकन्या गोरी राहते?"

शेवटचा प्रवेश. राजपुत्र राजकन्येला रथातून पळवून नेतो. रथ म्हणजे झेंडूच्या माळा लावलेला कल्याणीच्या वडिलांचा गाडा. दोघी वर बसल्या आणि चाक स्टेजच्या फळीत अडकलं! मागून ढकलणाऱ्या पोरींना गाडा हलेना. मृणाल घाबरून नुसती मान वळवतेय, एकदा, दोनदा, तीनदा!

कल्याणीनं खाली उडी मारली, पदर खोचला, दांडा उचलून एका दणक्यात चाक मोकळं केलं आणि बाजारातल्या आवाजात गरजली, "महाराज, तुमी बसून राहा! वाडा कोन्या बाजूले हाये तेवढं सांगा!"

पुढच्या रांगेत तिची आई उभी राहिली आणि मागं वळून सगळ्यांना ओरडून सांगू लागली, "माही पोरगी होय थे! माही!"