ओसाड गावातला भोंडला

एडमंटनच्या आमच्या मराठी मंडळाची दरवर्षी स्मरणिका निघते आणि दरवर्षी पाककृतींचं पान माझ्या गळ्यात पडतं. त्या वर्षी मी आधीच जाहीर करून टाकलं की मी अल्बर्टातल्या एका ओसाड गावाचा इतिहास लिहिणार. इथे अशा गावांना घोस्ट टाउन म्हणतात. रेल्वे आली म्हणून वसली, रेल्वे गेली म्हणून उठली, एवढीच बहुतेकांची कथा. इतिहासातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण मैद्याच्या चकल्यांवर पानभर लिहिण्यापेक्षा काहीही बरं होतं.

लायब्ररीत बसून जुनी वर्तमानपत्रं चाळली आणि एका रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली. व्हिजिटर व्हिसावर पुण्याहून आलेल्या सासूबाई घरात बसून कंटाळल्या होत्या, त्याही निघाल्या. घोस्ट टाउन म्हटल्यावर त्यांनी पर्समध्ये अंगाऱ्याची पुडी टाकली ती मी पाहिली.

भूत काही भेटलं नाही. एक म्हातारी भेटली, मोठ्या मशीनवर बसून गवत कापत होती. गावात उभं असं एकच उरलं होतं, लाकडी कम्युनिटी हॉल. बाई जन्मली याच गावात, आता शेजारच्या गावात सीनियर्स होममध्ये राहायची आणि गवत वाढलं की इथे यायची. मी तिला विचारत होते शाळा कधी बंद पडली, पोस्ट कधी गेलं. ती मात्र फिरून फिरून एकच सांगत होती. हिवाळ्याआधी काउंटी हॉल पाडणार होती. काउंटी म्हणजे आपली पंचायत समिती समजा. हॉल कुणी वापरत नाही आणि आतली फळ्यांची जमीन धोक्याची आहे, असं त्यांचं म्हणणं. ती जमीन तिच्या वडिलांनी गावाला नाचायला म्हणून घातली होती.

"एकदा जरी कुणी वापरला, तरी मला काउंटीच्या मीटिंगमध्ये बोलायला तोंड राहील," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर सासूबाईंनी विचारलं, "ती बया एवढं काय सांगत होती गं?"

मी सांगितलं.

"म्हणजे माहेर पाडतायत तिचं," त्या म्हणाल्या. "आणि तू तिला पोस्टाचं विचारत होतीस."

मला राग आला, कारण खरंच होतं ते.

आता योगायोग असा की आदल्या वर्षी आमच्या कॉन्डोच्या पार्टी रूममध्ये भोंडला झाला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्याने कम्प्लेंट केली होती. पायांचा आवाज फार होतो म्हणे. तेव्हापासून मंडळाच्या बायका जागा शोधत होत्या. सासूबाईंनी एकेकीला फोन लावला. "शेजारीपाजारी कुणी नाही. हवं तेवढं नाचा," हे त्यांचं एकच पालुपद. मी ड्राइव्ह दोन तासांचा आहे हे मध्ये घालायचा प्रयत्न केला, पण फोन त्यांच्याकडे होता.

नवरात्रातल्या शनिवारी त्या गावात इतक्या गाड्या लागल्या की हायवेवरून जाणारे ट्रक हळू होऊन बघायला लागले. सासूबाईंनी पाटावर तांदळाचा हत्ती काढला. म्हातारीने ठेवणीतला निळा ड्रेस घातला होता. बायकांनी तिला फेरात ओढलं आणि ती लगेच ठेक्यात आली. सासू कशी छळते, सून कशी रुसते अशी सगळी गाणी. माझ्या सासूबाई ती सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणत होत्या आणि सासूचं नाव आलं की माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या.

तेवढ्यात काउंटीचा इन्स्पेक्टर आला. म्हातारीनेच बोलावलं होतं, हॉल वापरात आहे हे बघायला. त्याच्या हातात टॉर्च होता आणि नजर जमिनीवर. पंचवीस-तीस बायका पाय आपटत फिरतायत, त्यातल्या काही चांगल्या खात्यापित्या घरच्या. एक फळी जरी मोडली असती, तरी त्याचं काम आम्हीच करून ठेवलं असतं. मी सासूबाईंना खुणावलं, जरा हळू.

त्यांनी दुप्पट जोरात पाय आपटला. "बघू दे की त्याला," त्या म्हणाल्या. "बापाने घातलीय, कंत्राटदाराने नाही."

फळी कुरकुरलीसुद्धा नाही. इन्स्पेक्टर पायऱ्यांखाली वाकून जमिनीच्या पोटात टॉर्च मारून आला, मग बायकांनी त्यालाही सोडलं नाही. भोंडल्यात खिरापत झाकून ठेवतात, डबा वाजवायचा आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. त्याने कुकीज, मफिन, बनाना ब्रेड असं सगळं म्हणून पाहिलं. दडपे पोहे निघाले. त्याने दोनदा घेतले आणि रिपोर्टमध्ये लिहिलं की जमिनीला सध्या तरी धोका नाही.

तरी काउंटीची मीटिंग राहिलीच. म्हातारी पहिल्या रांगेत, आम्ही मागे. एका कार्यक्रमाला वापर म्हणता येत नाही, असं अध्यक्षबाईंचं मत पडलं, आणि तसं ते चूक नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं की गावाच्या इतिहासावर संशोधन करणाऱ्या बाई इथेच बसल्यात. मी उभी राहिले.

"हे गाव नक्की कधी संपलं असं तुम्ही म्हणाल?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. घरी कॉम्प्युटरवर अर्धा लेख लिहून झाला होता, त्यात रूळ उखडले त्या वर्षी गाव मेलं असं स्वच्छ लिहिलं होतं. सगळे वळून माझ्याकडे बघत होते. म्हातारी तेवढी वळली नाही. तिची मान ताठ होती आणि कान माझ्याकडे.

"ते मला अजून सापडलेलं नाही," मी म्हणाले. "पण पुढच्या वर्षीच्या भोंडल्याला हॉल बुक करायचाय. तो कुणाकडे करायचा, तेवढं सांगा."

अध्यक्षबाईंनी शेजारच्याकडे पाहिलं, त्याने कागदांकडे. कुणालाच माहीत नव्हतं.

पहिल्या रांगेत म्हातारीने हात वर केला.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "पण तारीख लवकर सांगा. नंतर मिळणार नाही."